नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा करणे. एकवचनात मंगल आणि अनेकवचनात अमंगल असा हा आमच्या भाषेचा एक खट्याळ खेळ आहे. पण त्यात नुसता खेळ नाही, शहाणपणही आहे. नाव ठेवताना जो चुकला त्याच्या वाट्याला पुढे नावे ठेवून घेणे येते, हे आमच्या बायाबापड्यांना कोशकारांच्या आधी ठाऊक होते. म्हणूनच बारशाला पाळण्याशी आईबाप पुढे होत नाहीत, आत्या पुढे होते. तिने मुलाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करावयाचे, नाव सांगावयाचे आणि मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालावयाचे. ह्या विधीचा मी लावतो तो अर्थ असा: मूल घरचे असले तरी नाव चारचौघांचे असते. स्वतःचे नाव स्वतःला क्वचितच लागते. ते लागते हाक मारणाऱ्याला.

दिवाळी अंकात समीक्षेसाठी कादंबरी घ्यावी, कवितासंग्रह घ्यावा, अशी रूढी आहे. मी येथे घेतो आहे ते त्याहून फार लहान वाङ्मय, एका शब्दाचे, फार तर दोन शब्दांचे. संगणकावर चालणाऱ्या काही सॉफ्टवेअरची नावे हा माझा विषय आहे. वाचकांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण नाव ही लेखनातली सर्वांत लहान कृती असली तरी लेखनाचे सारे प्रश्न तिला लागू असतात. हे कोणासाठी लिहिले? कोणाच्या तोंडी जाणार? ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटणार? कादंबरीतल्या एखाद्या पात्राचे नाव जुळेपर्यंत महिनामहिना अडून बसलेल्या माणसाला हे प्रश्न क्षुल्लक वाटत नाहीत.

ज्या सॉफ्टवेअरविषयी मी बोलणार आहे ते एका विशिष्ट जातीचे आहे. इंग्रजीत त्याला 'ओपन सोर्स' म्हणतात. बाजारात विकत मिळणारे सॉफ्टवेअर म्हणजे कुलूपबंद पेटी. ती वापरावी, पण आत पाहू नये. ओपन सोर्सचे तसे नाही. ते कसे रचले आहे हे कोणीही वाचावे, हवे तसे बदलावे, त्याच्या प्रती काढाव्यात, शेजाऱ्याला द्याव्यात, अशी त्याच्या कर्त्यांची लेखी मुभा असते. आमच्या परंपरेत ह्याचे सर्वांत जवळचे भावंड म्हणजे जात्यावरची ओवी. ओवीला धनी नाही. एकीने रचली, दुसरीने तिच्यात आपल्या भावाचे नाव घातले, तिसरीने चरण फिरवला, आणि ती गावोगाव गेली. ती टिकली ह्याचे एक कारण तिचा भाव. दुसरे, तितकेच मोठे कारण हे की ती जिभेवर बसत होती. जी ओवी म्हणता येत नाही ती कितीही सुंदर असो, दुसऱ्या जात्यापर्यंत पोहोचत नाही.

येथेच माझ्या लेखाचा मुद्दा आहे. जगात कोणतेही नाव तीनच आधारांवर रुजते. एक सत्ता, दुसरा पैसा आणि तिसरा जीभ. ज्याच्यामागे सत्ता आहे ते नाव अवघड असले तरी पाट्यांवर, शिक्क्यांवर, हुकुमांवर झळकते. ज्याच्यामागे पैसा आहे ते जाहिरातींच्या माऱ्याने कानात घुसवता येते. पण जी वस्तू फुकट वाटावयाची, जिला विक्रेता नाही, जाहिरात नाही, सरकारी हुकूम नाही, तिला उरते फक्त जीभ. एका माणसाने दुसऱ्याला सांगावयाचे, "अमुक वापरून बघा." ह्या वाक्यातला 'अमुक' जर अडखळला, लाजला किंवा हसे करून गेला, तर वाक्य तेथेच संपते.

आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातूनच ह्याचा पडताळा पाहता येतो. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची फारसी पदनामे बदलून संस्कृत केली गेली. पुढे रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला राज्यव्यवहारकोश त्याच हेतूने सिद्ध झाला. सरनौबताचा सेनापती झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि पेशव्याचा मुख्य प्रधान. ह्यामागे शिवछत्रपतींची सत्ता होती. ह्याहून मोठा आधार तो कोणता? तरीही निकाल संमिश्र लागला. सेनापती आणि सचिव आजही जिवंत आहेत. मुजुमदार आणि डबीर आडनावांत जाऊन राहिले. आणि पेशवा? त्याला मुख्य प्रधान म्हणावयाचे ठरले, शिक्क्यात तसे कोरलेही गेले. पण मराठी माणसाच्या जिभेने पेशवा सोडला नाही तो नाहीच.

महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले, भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ साली पदनामकोश प्रसिद्ध झाला. त्या कोशाला लोकांनी 'बदनामकोश' म्हणून हिणवले. पण आयुक्त, संचालक, अधीक्षक हे शब्द आज आपण सहज बोलतो, कारण त्यांच्या मागे कचेरी होती, पगारपत्रक होते, दारावरची पाटी होती. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तेव्हा सत्ता आणि जीभ दोघीही एका बाजूला होत्या. ते नाव पाहता पाहता रुळले. उलट आमच्या खालापुरावरून मुंबई-पुण्याचा जो रस्ता जातो, तो वर्तमानपत्रांत 'द्रुतगती महामार्ग' असतो आणि टोलनाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक चालकाच्या तोंडी 'एक्स्प्रेस-वे'. 'द्रुतगती'तला 'द्रु' घाईत असलेल्या माणसाला म्हणता येत नाही, एवढेच त्याचे कारण. पण रस्त्याचे काही बिघडले नाही. रस्ता डोळ्यांसमोर असतो. त्याचे नाव न घेताही त्यावरून जाता येते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. नाव आले नाही तर ते मागताच येत नाही.

आता मूळ उदाहरणाकडे येतो. छायाचित्रे दुरुस्त करावयाचे, चित्रे रंगवावयाचे एक उत्तम मुक्त सॉफ्टवेअर आहे. बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ साली करावयास घेतले. आज तीस वर्षांनंतरही जगभरचे लोक त्यात विनामूल्य भर घालीत आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. जे काम करण्यासाठी आमच्याकडचे फ्लेक्सवाले महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती वापरतात, त्यातले बरेचसे ह्यात एक पैसाही न देता आणि चोरी न करता होते. त्याचे नाव आहे 'गिंप'. वर्णनपर इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ते जुळवलेले आहे. पण इंग्रजीत हा आधीपासूनच एक शब्द आहे आणि तो लंगड्या माणसाला हिणवण्यासाठी वापरतात. आमच्या भाषेत ज्याला शिवी म्हणत नाहीत, पण जो ऐकून माणसाची मान खाली जाते, अशा जातीचा तो शब्द आहे.

मराठी माणसाला त्याचे काय, असे कोणी विचारील. मीही तसेच समजत होतो. आमच्या कानाला 'गिंप' म्हणजे काहीच नाही; बाटलीचे बूच निघावे तसा एक आवाज. काही वर्षांपूर्वी शाळेच्या संगणक-खोलीत आठवीच्या मुलांना मी ते शिकवू लागलो. फळ्यावर नाव लिहिले. मुले हसली आणि कामाला लागली. वर्गात एक मुलगा होता. त्याचा एक पाय जन्मापासून अधू. हात मात्र असा की त्याने काढलेल्या आंब्याच्या झाडाखाली बसावेसे वाटे. पहिल्या दोन तासांत तो सर्वांच्या पुढे गेला. मग कोणीतरी घरी थोरल्या भावाच्या मोबाइलवर त्या शब्दाचा अर्थ पाहिला. पुढचे आठ-दहा दिवस मधल्या सुट्टीत त्या मुलाला त्याच नावाने हाका मारल्या जात होत्या. मला हे कळले तेव्हा त्याने संगणक-खोलीत येणे सोडले होते.

दोष मुलांचा होता हे खरे आणि तो मी माझ्या परीने निस्तरला. पण शब्द मी फळ्यावर लिहिला होता. मी तो पुसला आणि त्या जागी 'चित्रशाळा' असे लिहिले. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला होता, त्याची आठवण मनात होती. नाव मुलांना आवडले. "सर, आज चित्रशाळा उघडायची का?" असे ती विचारू लागली. हळूहळू तो मुलगाही परत आला. आपण मोठीच कामगिरी केली असे मला वाटले.

त्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांनी एक जुना संगणक घेतला. मुलगा खोपोलीला संगणकाच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "ह्यात चित्रशाळा टाकून द्या." दुकानदाराने असे काही नसतेच म्हणून सांगितले आणि नेहमीच्या महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत टाकून दिली. जूनमध्ये मुलाने मला हे सांगितले. मी म्हणालो, "अरे, मग खरे नाव सांगायचेस ना त्यांना." तो काही बोलला नाही. खाली पाहत राहिला. त्याला ते नाव ठाऊक होते. ते त्याला घेता येत नव्हते.

मला दोन गोष्टी त्या दिवशी उमगल्या. पहिली ही की परक्या भाषेतला शब्द आमच्याकडे रिकाम्या हाताने येत नाही. तो आपले माळ्यावरचे सामानसुद्धा बरोबर आणतो आणि आजच्या मुलाला त्या माळ्यावर चढण्यास क्षणही लागत नाही. दुसरी ही की एकट्या मास्तराने वर्गात दिलेले नाव वर्गाच्या दाराबाहेर जात नाही. नाव हे नाणे आहे. ते माझ्या खिशात कितीही चकाकले तरी बाजारात चालले पाहिजे.

त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांची बाजू येथे मांडली नाही तर ती समीक्षा होणार नाही. नाव बदला, अशी मागणी त्यांच्याकडे वारंवार झाली. त्यांचे म्हणणे असे की इतक्या वर्षांची ओळख ह्या नावाशी जोडलेली आहे; ती मोडून नवे नाव घेतले तर जुने वापरणारेही वाट चुकतील; आणि कोणाचा अपमान करावा असा हेतू मुळी नव्हताच. ह्यात तथ्य आहे. २०१९ साली काही मंडळींनी त्याचीच एक प्रत घेऊन तिला 'ग्लिम्प्स' असे गोजिरे नाव दिले आणि वेगळी चूल मांडली. नाव सुंदर होते, पण चूल चालवण्यास माणसे पुरेना आणि २०२१ साली ती विझली. तेव्हा नुसत्या नावाने काही होत नाही, हेही सिद्ध झाले. पण त्यावरून नावाने काही बिघडत नाही असे मात्र सिद्ध होत नाही. हेतू नव्हता हे उत्तर लेखकाला शोभत नाही. आपल्या वाक्याचा वाचकाच्या मनात जो अर्थ उमटतो त्याची जबाबदारी लेखकाचीच असते, मग ते वाक्य एका शब्दाचे का असेना.

नावाचे बळ किती असते ते पाहावयाचे असेल तर दोन जुळ्या भावंडांची गोष्ट पाहावी. पत्रे, तक्ते, हिशेब करावयाचे 'ओपनऑफिस' नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर होते. २०१० साली त्याची मालकी दुसऱ्या कंपनीकडे गेली, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले. त्यांनी तेच सॉफ्टवेअर पुढे नेले, पण नाव त्यांना नेता आले नाही. म्हणून त्यांनी फ्रेंच-स्पॅनिश 'लिब्र' म्हणजे 'स्वतंत्र' हा शब्द घेऊन 'लिब्रेऑफिस' असे नाव ठेवले. जुने नाव मागे राहिलेल्या भावंडाकडे गेले. पुढे काय झाले? लिब्रेऑफिस वाढत गेले. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्याची बटणे आणि सूचना मराठीतही आहेत. ओपनऑफिसची मोठी म्हणावी अशी आवृत्ती २०१४ नंतर निघाली नाही. आणि तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये लिब्रेऑफिसच्या मंडळींना एक जाहीर पत्र लिहून जुन्या भावंडाला विनवावे लागले की तुमच्या दाराशी येणाऱ्या लोकांना कृपा करून आमचा पत्ता सांगा, कारण पुष्कळांना आम्ही आहोत हेच ठाऊक नाही. काम एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे! भाऊबंदकीच्या वाटणीत एकाला जमीन जावी आणि दुसऱ्याला वाड्याचा दरवाजा, तशी ही वाटणी झाली. लोक दरवाजा वाजवीत राहिले.

'लिब्रे' ह्या शब्दात अपमान नाही. आशय तर थोर आहे. पण तो कसा म्हणावयाचा ह्याविषयी इंग्रजी बोलणाऱ्यांतच एकवाक्यता नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी त्याची शिफारस केली तेव्हा 'लिबर', 'लायब्र', 'लिब्रा' अशी तीन बारशी पाच मिनिटांत झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, अर्जात लिहायचं तरी कसं हे आधी ठरवा." अर्ज राहून गेला. आजच्या काळात नाव नुसते म्हणता येऊन चालत नाही, लिहून शोधताही यावे लागते. आमच्या तालुक्यात वरदविनायकाचे महड आहे आणि ह्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चवदार तळ्याचे महाड आहे. देवनागरीत एका कान्याचा फरक. इंग्रजीत तोही नाही. नवख्या माणसाला त्या एका कान्यापायी केवढी वाट वाकडी करावी लागेल ते नकाशावर पाहावे.

ह्यावर एक सबळ आक्षेप आहे. जगातले कितीतरी मुक्त सॉफ्टवेअर वाईट नावे घेऊनही दिग्विजयी झाले आहे. 'गिट' घ्या. लिनस टोर्व्हाल्ड्सने २००५ साली रचलेले हे साधन आज प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या रोजच्या हातातले झाले आहे, आणि त्या शब्दाचा विलायती बोलीत अर्थ नतद्रष्ट मनुष्य! 'कोहा' घ्या. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले आणि २००० साली पहिल्या ग्रंथालयात सुरू झालेले हे सॉफ्टवेअर आज भारतातल्या पुष्कळ ग्रंथालयांत आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, नजराणा. आमच्या कानाला मात्र आधी कोहळा आठवतो, आणि कोहळ्याच्या मागोमाग आवळा देऊन तो काढणारा कोणीतरी. तरीही ते चालले. कारण उघड आहे. ही कारागिरांची हत्यारे आहेत. सुताराच्या पेटीतल्या हत्यारांची नावे बाहेरच्याला कळत नाहीत आणि सुताराचे त्यावाचून अडत नाही. गुरू ती शिष्याच्या हातात देतो तेव्हा नावही देतो. जेथे शिकवणारा उस्ताद हजर आहे तेथे अवघड नाव निभावते. पण जे हत्यार बाराबलुतेदारांच्या बाहेर, शाळेत, दुकानात, घरात जावे अशी इच्छा आहे, त्याच्याजवळ उस्ताद नसतो. तेथे नाव हाच उस्ताद.

आणि टोर्व्हाल्ड्सच्याच पहिल्या अपत्याची कथा मोठी बोधप्रद आहे. १९९१ साली त्याने जी मूळ प्रणाली रचली तिचे नाव त्याने 'फ्रीक्स' ठेवावयाचे योजले होते. 'फ्री' आणि 'फ्रीक' म्हणजे विक्षिप्त, ह्यांची ती खिचडी. ती लोकांना मिळावी म्हणून ज्या आरी लेम्के नावाच्या सहकाऱ्याने तिला आपल्या संगणकावर जागा दिली, त्याला ते नाव पटले नाही. त्याने परस्पर 'लिनक्स' असे लिहून टाकले. आज अर्धे जग त्या नावाने चालते. लेम्के हा लिनक्सची आत्या झाला! बापाला जे दिसले नाही ते आत्याला दिसले, कारण पाळण्याशी ती बाहेरून आली होती.

आता आमच्या घरची नावे. इंग्रजीत ह्या चळवळीचे आधीचे नाव 'फ्री सॉफ्टवेअर' होते. इंग्रजी 'फ्री'त फुकट आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ एकाच झोळीत आहेत, आणि त्या घोटाळ्याला कंटाळूनच १९९८ साली क्रिस्टीन पीटरसन ह्या बाईंनी 'ओपन सोर्स' हे नवे नाव सुचवले. मराठीला ही अडचण मुळीच नव्हती. आमच्याकडे फुकट वेगळे, मोफत वेगळे, मुक्त वेगळे, स्वतंत्र वेगळे आणि मोकळे तर सर्वांहून वेगळे. फुकटात किंचित तुच्छता आहे, मोफतात सरकारी शिबिराचा वास आहे, पण 'मोकळे' म्हणताच वाडा, अंगण, केस, मन, सारे एकदम सुटे होते. अशी श्रीमंती पदरी असताना आम्ही नाव काय ठेवले? 'मुक्तस्रोत'.

अर्थाच्या दृष्टीने त्यात वैगुण्य काढता येणार नाही. पण मी शिक्षक आहे. ह्या शब्दाचे हाल रोज पाहतो. मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या हातून 'स्रोत' हमखास 'स्त्रोत' असा उतरतो, जसे 'सहस्र'चे 'सहस्त्र' होते. मुले तसे लिहितात, फलकांवर तसे रंगवलेले असते, छापील पुस्तकांतही तसे सापडते. म्हणजे ज्या वस्तूचे सारे तेज सर्वांसाठी खुले असण्यात, तिच्या दारावर आम्ही असे जोडाक्षर टांगले की सुशिक्षितालाही ते चुकण्याची धास्ती वाटावी. चुकण्याची भीती वाटते तो शब्द माणूस टाळतो. मी स्वतः तांबड्या शाईने किती 'त' खोडले असतील त्याला गणती नाही. आणि अलीकडे मनात येते की दोष त्या मुलांचा की बारसे करणाऱ्याचा?

सरकारी पाळण्यातली नावे अवघड नाहीत. उलट फार सोपी आहेत, आणि त्यांचा दोष निराळा आहे. सी-डॅक ह्या संस्थेने भारतीय भाषांसाठी लिनक्सवर आधारलेली प्रणाली तयार केली. २००७ साली तिची पहिली आवृत्ती निघाली. तिचे नाव 'बॉस'. येथेही आद्याक्षरे जुळवली आहेत. म्हणावयास सुटसुटीत, लिहावयास सोपे. पण जिचा सारा धर्म 'येथे कोणी कोणाचा धनी नाही' असा, तिचे नाव साहेब! २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांवर 'माया' नावाची प्रणाली बसवावयास घेतल्याचे जाहीर झाले. तिच्या रक्षणासाठी जे कवच आहे त्याचे नाव 'चक्रव्यूह'. माया म्हणजे वेदान्त्याला भ्रम, संसारी माणसाला जीव लावणे, आणि गावगप्पांत साहेबाने वरकमाईने जमवलेली इस्टेट. शंकराचार्यांपासून पाटबंधाऱ्याच्या ठेकेदारापर्यंत पसरलेला हा शब्द कोणता अर्थ घेऊन त्या पडद्यावर उभा आहे ते सांगता येत नाही. चक्रव्यूह तर ऐकताच मराठी माणसाला एकच आठवते, की अभिमन्यूला बाहेर पडता आले नाही. शत्रूसाठी ते ठीक. पण पुढे बसणारा कारकून आपलाच आहे! ह्या नावांमागे सत्ता आहे म्हणून ती खपतील. त्यांना जिभेवर जगावे लागले असते तर परीक्षा कठीण होती.

मग चांगले नाव असते तरी कसे? त्याचा एक नमुना आमच्याच मुंबईत आहे. 'एक टाइप' नावाच्या अक्षररचनाकारांच्या मेळाने मुक्त परवान्याने काही टंक लोकांना दिले आहेत. कोणीही घ्यावेत, वापरावेत, बदलावेत. त्यांतल्या एकाचे नाव 'मुक्त', एकाचे 'मोदक' आणि एका गुबगुबीत टंकाचे 'बालू'. हाच बालू जेव्हा दुसऱ्या लिप्यांत गेला तेव्हा त्यांनी केवळ भाषेचे नाव पुढे जोडले नाही. गुजरातीत तो 'बालू भाई' झाला, बंगालीत 'बालू दा', पंजाबीत 'बालू पाजी', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन', तमिळमध्ये 'बालू तंबी'. म्हणजे कोठे थोरला भाऊ, कोठे धाकटा. प्रत्येक घरात तो त्या घरच्या नात्याने शिरला. ह्या नावात पांडित्य नाही, आद्याक्षरांची कसरत नाही. ते ठेवणाऱ्याने एकच गोष्ट केली आहे: हाक मारणारा कोण हे आधी पाहिले आहे. ही दृष्टी मी चांगल्या कथाकाराची दृष्टी समजतो.

माझी सूचना साधी आहे आणि तिला खर्च नाही. जे लोक रात्री जागून, मोबदला न घेता अशी सॉफ्टवेअर रचतात त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे; आजच्या काळातले खरे लोकवाङ्मय तेच लिहीत आहेत. पण मूल जन्मास घालण्यातले कौशल्य वेगळे आणि हाक मारण्यातले वेगळे. त्यांनी बारशाला एक आत्या बोलवावी. ती एखादी शिक्षिका असेल, ग्रंथपाल असेल, खोपोलीच्या बाजारातला दुकानदार असेल. तिने ते नाव मोठ्याने म्हणून पाहावे, ऐकून कागदावर लिहून पाहावे आणि शेवटी एखाद्या पोराला ते सांगून बाजारात धाडावे. पोर ती वस्तू घेऊन परत आले तर नाव बरे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. खोपोलीलाच एका फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. गणपतीत त्याने केलेला फलक चौकात लागला होता; अक्षरे देखणी होती, टंक ओळखीचा वाटला म्हणून मी विचारले. तो हसून म्हणाला, "बालू आहे, सर." नाव त्याने असे घेतले, जसे कोणी आपल्या भावाचे घ्यावे.